खासदारांना टॉवेल-टोपी

आता काय सांगू तुम्हाला, किडनी गेली की अक्कलही जाते, हे डॉक्टर आधी सांगत नाहीत. माझी मात्र गेली!

डायलिसिसला मी पार कंटाळलो होतो. माझा मेहुणा गोविंदा पाचोडला मेंढरं राखतो. तो एका झटक्यात म्हणाला, "दाजी, माझी घ्या." पण बायकोचा भाऊ म्हणजे कायद्यानं जवळचा नातेवाईक नव्हे. म्हणून एका समितीची परवानगी लागणार होती आणि आम्ही तिची वाट बघत होतो.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. "दिल्लीहून खासदारांची समिती आलीय, अवयवदानाचे नियम तपासायला. पेशंटशी बोलायचंय म्हणतात. येता का?"

समिती म्हटल्यावर मी समजलो, ही आपलीच! त्यात खासदार कशाला? अहो, किडनीसारखी मोठी वस्तू, खासदार येणारच की!

गेलो दोघं. अध्यक्षांनी गोविंदाला विचारलं, "बदले में इन्होंने कुछ दिया?"

"दिलं की!" गोविंदा खुशीत म्हणाला. "टॉवेल, टोपी, नारळ. वर पुरणपोळी!"

अध्यक्षांचा पेन थांबला. परवानगी गेली ना राव!

"साहेब, वो तो हमारे में रीत है!" मी घाईघाईनं उठलो. "घरी पाहुणा आला की टॉवेल-टोपी!"

"हर मेहमान को?"

"हर मेहमान को!"

आता नुसतं बोलून कुणाला पटतं का? पिशवीत चुलत सासऱ्यांसाठी घेतलेली जोडी होती. मी सरळ पुढं गेलो, टोपी अध्यक्षांच्या डोक्यावर ठेवली अन् टॉवेल खांद्यावर टाकला. वर पायाही पडलो!

एक अधिकारी ओरडला, "अहो, समितीला भेटवस्तू देता?"

"त्यांची कुठं किडनी मागतोय मी!"

अध्यक्षांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "भाईसाहब, परमिशन हम नहीं देते. हम सिर्फ नियम देखने आये हैं. परमिशन यहाँ के डॉक्टरों की समिती देगी."

म्हणजे एवढा घाम मी कुणापुढं गाळला? बाहेर येऊन गोविंदाला बजावलं, "खऱ्या कमिटीपुढं आहेराचं नाव काढायचं नाही!"

ती समिती बसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दाजींनी काही दिलं?"

"नाय."

"काहीच नाही?"

"चहा बी पाजला नाय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "संबंध बरे दिसत नाहीत तुमचे! मग हे किडनी का देतायत? कुणाची जबरदस्ती आहे का?"

घ्या! दिलं तरी संशय, नाही दिलं तरी संशय.

गोविंदाच म्हणाला, "बाई, ह्यांचं सोडा. माझी बहीण रोज रडती. ते मला बघवत नाय."

मला तिथंच रडू फुटलं. बाईंनीही पुढं काही विचारलं नाही. परवानगी मिळाली, ऑपरेशन झालं, दोघंही ठणठणीत आहोत.

घरी आल्यावर मी म्हटलं, "गोविंदा, आता तर काही विचारणारं कुणी नाही. बोल, काय देऊ तुला?"

त्यानं दोन्ही हात जोडले. "काय बी नको, दाजी. लागली तर दुसरी बी घ्या. पण तुमच्यासंगं कमिटीपुढं परत येणार नाय!"