शाळा सेमी झाली त्या वर्षी

नांदुऱ्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी रोज सकाळी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवरून जायची आणि दरवर्षी आमच्या पटावरची काही मुलं त्या गाडीत बसून निघून जायची. पट घसरला की शाळेला कुलूप, हे कुणी सांगायला नको होतं. शेवटी गावानं सभा घेतली. शाळा 'सेमी' करायची, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचं.

मी आधीच तिखट जिभेची. उठून म्हणाले, "लेकरांना वजाबाकी आत्ता कुठं कळायला लागली, तोवर भाषाच बदलता?" मागून कुणीतरी टोमणा मारला, "मॅडमले मेहनत नको!" सगळे हसले. आणि ठरावासाठी पहिला हात वर झाला तो आमच्या माता गटाच्या प्रमुख बाईचा. मला तिचा असा राग आला म्हणता!

माता गट म्हणजे घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आयांचा गट. दर शनिवारी त्या शाळेच्या ओट्यावर जमायच्या. ही बाई सातवी शिकलेली. दिवसभर कापूस वेचून आली तरी भाकरी थापता थापता तिसरीतल्या लेकीला जवळ घेऊन बसायची. तुराट्यांचे तुकडे करून, दहा-दहाचे गठ्ठे बांधून तिनं पोरीला हातच्याची वजाबाकी शिकवली होती. पोरगी गठ्ठा सोडायची आणि उत्तर आलं की आईच्या तोंडाकडे बघायची. मला वर्गात फक्त शाबासकी द्यायचं काम उरायचं.

सेमी झाली. आम्हाला थोडंफार प्रशिक्षण मिळालं, बाकी उसनं अवसान. मी इंग्रजीतून गणित सांगायचे, मुलं माना डोलवायची. ती पोरगी तर मुकीच झाली. फळ्यापुढे उभी केली की पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहायची. आई मात्र शनिवारी कौतुकानं सांगायची, "मॅडम, घरी कशी फाडफाड इंग्रजी म्हणते माही पोरगी!" मला काही मेळ लागेना.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. चूल पेटलेली, पोरगी पुस्तक घेऊन आईशेजारी बसलेली. "म्हणून दाखव मॅडमले," आई म्हणाली. पोरगी म्हणायला लागली, कुठेही न अडखळता. त्यात दोन-चार शब्द तेवढे इंग्रजीचे होते, बाकी सगळं तिनं मनानं जुळवलेलं. पुस्तकातल्या गणिताचा त्याच्याशी काहीएक संबंध नव्हता. "शाब्बास," म्हणत आई इंधन आणायला बाहेर गेली.

"काय म्हणतेस गं हे?" मी हळूच विचारलं.

"आईले नका सांगू मॅडम," तिचे डोळे भरले. "मी थांबली की तिचं तोंड उतरते. तिले वाटते, तिच्यानं आता शिकवणं होत नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुणावर चिडावं हे कळेना. गावाचंही चुकलं नव्हतं, शाळा तर वाचली होती.

आई मला अंगणापर्यंत सोडायला आली. सांगावं की नाही या विचारात मी चपला घालत होते, तर तीच म्हणाली, "मले मालूम आहे, मॅडम. खोटं म्हणते ते."

मी चपला तशाच सोडून तिच्याकडे वळले.

"पहिले उत्तर आलं की माह्या तोंडाकडे पाहे. आता पुस्तकातून डोकंच वर काढत नाही. हात म्याच वर केला होता, कोणाले बोल लावू? आता टोकलं तं उठून जाईन ती. मंग कोणत्या बहाण्यानं जवळ बसवू तिले?"

आतून आवाज आला, "आई, पुढचं म्हणू का?"

"हाव, म्हण बाई," तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती आत गेली.