आखाजीच्या दिवशीचं मृत्युपत्र

आमच्या शिंदखेडा तालुक्यात रुपचंदइतका मुहूर्त पाळणारा माणूस झाला नाही. सख्ख्या बहिणीला बुडवायचं, तर तेही त्याने पंचांग बघून बुडवलं.

बहीण झुंबरबाई, दिलेली पाचोऱ्याला. त्यांच्या बापाने, नथ्थूआबाने, पहिल्या मृत्युपत्रात विहिरीजवळचं वावर तिच्या नावे केलं होतं. आबा वारला आणि रुपचंदने दुसरं मृत्युपत्र काढलं. सगळं मुलाला, मुलीला काही नाही. कारण 'तिने आजारी बापाला पाणी पाजलं नाही, सणालाही उंबरा ओलांडला नाही.' खाली आबाचा अंगठा. साक्षीला रुपचंदचा मेहुणा आणि शेजारचा हिलाल. तारीख आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची! आखाजीला मिळालेलं कधी सरत नाही म्हणे.

त्या आखाजीला झुंबरबाईला सणासाठी माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून स्वतः रुपचंदच पाचोऱ्याला गेला होता. लोक काय म्हणतील, याची त्याला फार काळजी.

झुंबरबाई सत्तावन्न साली धुळ्याच्या कोर्टात उभी राहिली. गावाने तोंडं वाकडी केली, भावावर फिर्याद करते म्हणून. आम्हा गावकऱ्यांना न्यायाची चाड अशीच, दुसऱ्याच्या बहिणीपुरती. ती वकिलाला एवढंच म्हणाली, "माले वावर नही भेटनं तरी चाली. पन मी बापले पानी नही पाजं, हाई खोटं लिखेल शे. ते खोडा."

हिलालला रुपचंदने जबानी पोपटासारखी पढवली होती. झुंबरबाईच्या वकिलाने सहज विचारलं, "आखाजीला तुम्ही पत्ते खेळत नाही वाटतं?" हिलालला हा अपमान सोसवेना. आमच्याकडे आखाजीला जो पत्ते खेळत नाही, तो पुरुषांत मोजला जात नाही.

"बठ्ठा दिन मी मारोतीना पारवर बठेल व्हतू!" तो गरजला. "आखाजीले पत्तावरथून कोन उठस, सायेब? झुंबरअक्कानी सांजोरी आनी दिनी, तीबी बठीसनच खादी!"

आपला साक्षीचा अंगठा नंतर रुपचंदने घरी येऊन घेतला, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. दुसरं मृत्युपत्र तिथेच आडवं झालं.

वावर झुंबरबाईला मिळालं, ते वाक्यही पुसलं गेलं. पुढच्या आखाजीला ती गाठोडं बांधून सकाळपासून दारात बसली. मुऱ्हाळी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिने वाट पाहिली नाही; सांजोऱ्यांची टोपली घेऊन एकटी आली आणि थेट पारावर गेली. हिलालने दोन उचलल्या. शेजारी रुपचंद पत्ते तोंडासमोर धरून बसला होता. तिने एक त्याच्याही पुढे ठेवली.

त्याने ती खाल्ली. "कवय उनी?" म्हणजे कधी आलीस, एवढं विचारायला मात्र त्याला तोंड रिकामं सापडलं नाही.

बाईने उरलेल्या सांजोऱ्या पारावरच्या बाकीच्यांना वाटल्या. मग रिकामी टोपली काखेत घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली.