न लागलेला खडा

नव्या कापडाची खळ आणि नुकतेच कांडलेले तांदूळ यांचा मिळून एक वास असतो. तो कुठल्या अत्तराच्या कुपीत सापडायचा नाही. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत, आईने शिवलेल्या एका पिशवीत तो वस्तीला असे. वडील मुंबईच्या कापडगिरणीत मागावर होते. सुटीला येताना ते जाड्याभरड्या कापडाचा तुकडा आणत, आई त्याची पिशवी शिवे, आणि तांदळाने गच्च भरून, तोंडाला टाके घालून, महिन्याच्या महिन्याला ती एस.टी.ने मुंबईला रवाना करी. परत येई ती रिकामी, यंत्राच्या तेलाचा वास लेऊन. श्रावणात ऊन यावं, पाऊस यावा, तशी पिशवी येते आणि जाते, असंच मला लहानपणी वाटत असे.

सगळी वाडी म्हणायची, आपली घरं मुंबईवर चालतात. आईसुद्धा म्हणायची. बायको काय करते असं कुणी विचारलं, तर वडील अगदी निर्मळ मनाने सांगत, ‘‘काय नाय, घरीच हाय.’’ त्या ‘घरीच’मध्ये भाताच्या रोपांसाठी राब भाजणं, लावणी, कापणी, झोडणी, कांडण, गुरं, पाणी, सासू-सासरे आणि शिवाय मी, एवढं सगळं सुखाने मावत असे. किती ऐसपैस शब्द!

आणि आमच्याच घरात ‘वेठ’ हा शब्द मात्र मान ताठ करून उच्चारला जाई, कारण ती आम्ही टाकून दिली होती. आजोबांच्या तरुणपणी अंमलदाराचं ओझं डोक्यावर घेऊन घाट चढायचा, गावाचे सांगावे पोचवायचे, लाकडं फोडायची, आणि मोबदला म्हणून शिळंपाकं पदरात घ्यायचं, अशी रीत होती. महाडच्या तळ्याचं पाणी प्यालेली माणसं ताठ कण्याने परतली आणि वाडीने ती रीत मोडली. आजोबा ही कथा मिशीवर हात फिरवत सांगत आणि आजी दळता दळता ऐके. तिची वेठ कोणत्या दिवशी सुटली, हे विचारायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही.

पुढे मी महाडला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन कॉलेजात शिकू लागले. एका दुपारी आमच्या सरांनी भांडवलाची जन्मकथा सांगितली. काटकसर आणि धाडस या दोन सद्गुणांच्या पोटी ते जन्मलं, असं मी तोवर समजत होते. सर म्हणाले, सातासमुद्रापलीकडे गुलाम माणसं कापूस वेचत होती. गुलाम स्त्रीच्या उदरातलं मूलही जन्माआधीच मालकाचं ठरत होतं. त्या कापसावर विलायतेचे माग धावले. गुलामांच्या त्या देशात युद्ध पेटून कापूस अडला, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं, आणि मुंबईच्या पेढ्यांत साठलेल्या त्या लक्ष्मीला पुढे गिरण्यांची धुराडी फुटली. मी ऐकत होते, आणि डोळ्यांपुढे राहून राहून आमची पिशवी येत होती. गिरणीने वडिलांना एका माणसालाही पुरणार नाही एवढा पगार द्यावा आणि त्यांचं पोट भरावं आईने! त्या मालकाच्या भांडवलात आईच्या मुसळाचे घाव कुठे जमा झाले असतील?

हे कोडं मी मनातच घोळवत होते, तोवर मुंबईत संप झाला. गिरण्या थंडावल्या आणि वडील वळकटी घेऊन वाडीत परतले. कमावता माणूसच बसला म्हटल्यावर काकांनी आणि त्यांनी मिळून ठरवलं, की माझं शिक्षण थांबवावं आणि मला घरकामाला परत आणावं. मी ओटीवर खाली मान घालून बसले होते. महाडची खोली, सरांचे तास, सगळं एका वाक्यात हातातून निसटत होतं, आणि मला रडू फुटत नव्हतं इतकंच.

आई चुलीपुढून उठून दारात आली. आवाज चढवणं तिला ठाऊकच नव्हतं.

‘‘गिरन बंद पडली, शेत नाय बंद पडलं. तिकडं होतात तवाबी ह्योच भात खात होतात ना? सासऱ्यांनी वेठ टाकली, आता मी पोरीला वेठीला लावायची नाय. हात कमी पडतात तर तुमचे हायत की रिकामे.’’

वडिलांनी आपल्या हातांकडे पाहिलं. आणि मी महाडला परत गेले.

त्या वर्षी आमच्या भातखाचरात एक नवल घडलं. नांगर, चिखल पुरुषांचा आणि रोप लावणं बायकांचं, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. पण वडील धोतर खोचून बायकांच्या रांगेत वाकले. मागावर बोटं विजेसारखी चालणारा हा माणूस, त्याची ओळ मात्र नागमोडी जायची आणि मध्येच रोप सुटायचं. शेजारची काकू म्हणायची, ‘‘भावोजी, धागा तुटला, जोडा.’’ आणि सगळं खाचर हसे, वडीलही! बायकांचं ते हसू किती निरागस, आणि त्यात किती वर्षांचा हिशेब चुकता होत होता, देव जाणे.

मग एक दिवस ती पिशवी माझ्या नावाने महाडच्या स्टँडवर उतरली. खळीचा, तांदळाचा, तेलाचा तोच वास. रात्री भात केला, आणि पहिल्याच घासाला दाताखाली कचकन खडा आला. दुसऱ्या घासाला दुसरा. मैत्रीण वैतागली, मी मात्र हसतच सुटले, कारण तांदूळ कुणी पाखडले हे मला खडाच सांगत होता.

सुटीत घरी गेल्यावर मी खड्यांची तक्रार केली. आई पदर तोंडाला लावून हसली. वडील हसले नाहीत. मांडीवरचं सूप तसंच धरून म्हणाले,

‘‘इतकी वर्सं एक खडा नाय लागला गो मला.’’

आणि सूप घेऊन ते उजेडाला, उंबऱ्याशी सरकले.

ती पिशवी अजून माझ्याजवळ आहे. खळ केव्हाच धुऊन गेली, तेलही उडालं. नाकाशी धरली तर तांदळाचा वास तेवढा येतो, पुसटसा. वडिलांनी त्या दिवशी निवडलेले तांदूळ मी तिच्यातूनच महाडला नेले होते. त्यांतही एक खडा निघालाच.