वाळूतला माणूस

येडगावच्या सोपानने सगळी नोकरी समुद्राकाठच्या एका तेलशुद्धी कारखान्यात काढली. गावात कुणी विचारलं, "भाऊ, तिथं करायचास काय?" तर तो म्हणायचा, "वाळू सांभाळायचो." उत्प्रेरक हा शब्द त्याला ठाऊक होता, पण तो उच्चारला की समोरचा माणूस काहीतरी काम आठवून उठायचा.

त्याची वाळू म्हणजे पिठासारखी पांढुरकी पूड. जाड, आळशी तेल तापलेल्या पुडीला भेटलं की मोडायचं आणि त्यातून पेट्रोल निघायचं. पूड तशीच राहायची, फक्त काजळीने काळी पडायची. मग भट्टीत हवा सोडून काजळी जाळायची आणि तीच धग घेऊन पूड पुन्हा कामाला लागायची. या पुडीनं आपल्याला जगवलं, असं सोपान मानायचा. आळेफाट्याच्या पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल पडताना तो हात जोडायचा. पंपावरची पोरं म्हणायची, "भाव बघून जोडतंय म्हातारं."

पण कुकडीच्या काठी वाळू म्हटलं की एकच धंदा डोळ्यांपुढे येतो, नदीतल्या वाळूउपशाचा. लेकीला, तेजस्विनीला, ओतूरचं स्थळ आलं. मुलगा, ऋषी, तिच्या मनात भरला होता. बायको गेल्यापासून सोपानच्या घरात बापलेक दोघंच. तिथंच भरलेल्या बैठकीत ऋषीच्या आजीने, प्रयागबाईंनी, विचारलं, "पावणं, तुमी वाळूत व्हता म्हणं?"

"सगळी नोकरी!" सोपान खुशीत म्हणाला.

"मग उठा रं. वाळूवाल्यांनी आमचा नदीकाठचा मळा खचवला. त्यांच्यातली सून नको."

तेजस्विनीचा चेहरा उतरला. सोपान घाईघाईने तेल, पूड, भट्टी सगळं सांगत सुटला. प्रयागबाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या.

"म्हंजी विरजण म्हणा की!"

"नाही आजी," तेजस्विनी बोलून गेली. "विरजण दह्यात मिसळून जातं. ही पूड काम करून वेगळी निघते."

बैठकीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मध्यस्थ फतेचंदशेठ, ओतूरचे कापडवाले, घाईने म्हणाले, "माझ्यासारखी हो! दोन घरं जुळवतो, जेवतो, होतो तसाच परत येतो."

"तसाच कुठला? पोट बघा," प्रयागबाई म्हणाल्या.

"ती काजळी, आक्का," सोपान म्हणाला. "आमच्याकडं असल्याला भट्टीत घालत्यात."

शेठही हसले. प्रयागबाई मात्र अडून राहिल्या. "पण तुमची पूड जोडती कुठं? मोडती म्हणालात."

सोपानने लेकीकडे पाहिलं. मग तो हळू म्हणाला, "मोडतीच, आक्का. त्याबिगर जाड तेल जागचं हालत न्हाई. ही पोर तुमच्याकडं आली तर माझंबी घर मोडणारच की. पण तिनं पुढं जावं, म्हणून तर तुमच्यापुढं बसलोय."

प्रयागबाईही कधीकाळी असंच बापाचं घर मोडून ओतूरला आल्या होत्या.

"शेठ," त्या म्हणाल्या, "सुपारी फोडा. पोरगी तोंडावर चूक सांगती. आमच्या घरात कुणीतरी पायजेच व्हतं तसं."

सोपानचे डोळे भरून आले. लेकीसाठी तर आलेच. पण आजवर त्या पुडीबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. तो पुढे सरकला. "आक्का, भट्टीचं अजून सांगायचं राहिलंय. सांगू?"

"सांगा," प्रयागबाई पाय पसरून म्हणाल्या. "आता कुटं जायचंय."