अध्यक्षांचा केस

प्रयोगशाळेतली काचेची भांडी सांभाळते म्हणून अख्खं कॉलेज तिला काचमावशी म्हणायचं. बावीस वर्षांत तिच्या हातून एक परीक्षानळी फुटली नव्हती. अशा बाईला त्या दिवशी चक्क लबाडी करायची होती, आणि खोटं सांगत नाही, तिला भलतीच मजा येत होती.

नियमाप्रमाणे सूक्ष्मदर्शक हवेत वीस. कॉलेजकडे होते तीन, शेजारच्या गावातल्या कॉलेजकडे सतरा. सरकारनं कॉलेजं भराभर काढली, यंत्रं द्यायची तेवढी राहून गेली! तपासणी आली की दोघं मिळून वीस जमवत. यंदा मात्र समिती एकाच दिवशी दोन्हीकडे येणार होती. पितळ उघडं पडलं तर पहिल्या वर्षाचे वर्ग बंद, आणि इकडच्या वर्गात मावशीची लेक होती.

सकाळी समिती आली. अध्यक्ष मोठे हौशी. "बघू तरी, चालतात का," म्हणत त्यांनी डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांतला एक उपटला, काचपट्टीवर ठेवला आणि भिंगातून पाहून खूश झाले. समिती जेवायला बसताच मावशीनं वीसही यंत्रं चादरींत गुंडाळून टेम्पोत घातली आणि स्वतः मागे बसली. प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव वरखाली होत होता.

दुपारी तिकडे अध्यक्षांनी भिंगाला डोळा लावला, तो काढेचनात.

"अहो," ते हळूच म्हणाले, "हा केस माझा आहे."

काचपट्टी पुसल्याशिवाय मावशी कधी घरी गेली नव्हती. आज नेमकी एक राहिली! दोन्ही प्राचार्य पांढरेफटक पडले. मावशी दाराआडून पुढे आली.

"साहेब, चूक माझी. पण आज वीस यंत्रं होती म्हणून माझ्या लेकीनं पहिल्यांदा भिंगातून बघितलं. एरवी तीन यंत्रं, साठ पोरं. पाळी येईस्तोवर तास संपतो. मला काढा, वर्ग बंद करू नका."

अध्यक्ष हसायला लागले ते थांबेचनात. डोळे पुसून त्यांनी लिहिलं: वीसही यंत्रं तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे फिरवावीत. बाकीची सरकारनं वर्षभरात द्यावीत. तोवर दोन्ही कॉलेजांची मान्यता कायम.

वर्ष उलटलं. सरकारची यंत्रं अजून वाटेतच आहेत, टेम्पो मात्र चालू आहे. ती एक काचपट्टी मावशीनं आजवर पुसलेली नाही. नव्या मुलांना लेक सगळ्यात आधी तीच दाखवते.

"हळू," ती दटावते, "शिंकू नका. आपला वर्ग ह्याच्यावर टिकलाय."