खुंटीच्या चार फळ्या

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला सगळे खुंटी म्हणतात. सतारीच्या खुंटीसारखा लांब, वाळका, आणि जरा पिळला की सूर चढलाच. धंदा वाद्यं दुरुस्त करण्याचा. संगीत विद्यालयाच्या जिन्याखाली त्याचं बाकडं. वरच्या पायऱ्या डोक्याला लागतात म्हणून तिथे तो एकोणीस वर्षं मान कलती करून बसला, आणि मान तशीच राहून गेली. एकदा ओळखपत्राच्या फोटोसाठी गेला, तर फोटोवाल्याने तीनदा मान सरळ करायला सांगितलं. चौथ्यांदा त्या बिचाऱ्याने कॅमेराच वाकडा धरला.

विद्यालयात वरच्या मजल्यावर वाद्यांची खोली आहे. दोन मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड आणि माणसाला ताठ उभं राहता येईल असं छत. खुंटीला उभ्या आयुष्यात काही हवं झालं असेल तर त्या खोलीची किल्ली. बायको मिळाली तेव्हाही त्याला इतकी हुरहूर नव्हती, हे मी त्याच्या लग्नात स्वतः पाहिलं आहे.

पुढे विद्यालयाला नव्या मुख्य बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ती खोली उघडली आणि वरून एक ढोल त्यांच्या पायावर पडला. दोन दिवस बाई लंगडल्या, तिसऱ्या दिवशी फर्मान निघालं. पंधरा दिवसांत जो कोणी ही वाद्यं नीट लावून दाखवील, म्हणजे नाव घेतलं की वस्तू हातात, त्याच्याकडे खोली आणि किल्ली.

पुढे झाले दोघे. एक खुंटी. दुसरे तिथलेच व्याख्यामास्तर. ते मुलांना वाद्यांची माहिती शिकवायचे, वाजवायचे मात्र काही नाहीत. त्यांना कुणी जेवलात का विचारलं, तर आधी जेवण कशाला म्हणायचं ते ठरायचं, तोवर ताटातलं गार. खोलीच्या मधोमध खडूने रेघ मारली, वाद्यं निम्मी निम्मी वाटली, आणि दोघे कामाला लागले.

मास्तरांनी आधी फळ्यावर लिहून काढलं की मुद्दाम सूर काढण्यासाठी केलेली वस्तू म्हणजे वाद्य. खुंटीने ते वाचलं आणि विचारलं, मग खालच्या वर्गात पोरांच्या हातात असतात त्या वस्तूंना काय म्हणायचं. मास्तर त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मग त्यांनी चार कपाटं केली. तारांची, फुंकीची, कातड्याची आणि ठोक्याची. वरवर पाहता झकास. पण पोटाला कातडं आणि अंगावर तारा असलेला बँजो या कपाटातून त्या कपाटात आठ वेळा गेला. पेटीने तर त्यांचा जीवच खाल्ला. फुंकीची म्हणावी तर तोंड कुणी लावत नाही, ठोक्याची म्हणावी तर बोटं नुसती दाबतात. तीन दिवस पेटी स्टुलावर बसून होती आणि मास्तर तिच्यासमोर, लग्न मोडल्यासारखे.

खुंटीची तऱ्हा निराळी. जन्मभर त्याच्याकडे वाद्य आलं ते आजारी म्हणूनच, त्यामुळे कोणतं वाद्य कशाने वाजतं यापेक्षा कशाने मरतं हे त्याला जास्त ठाऊक. त्याने चार फळ्या लावल्या. पहिली ओलीने जाणारी, दुसरी उंदरांना आवडणारी, तिसरी पडली की संपली अशी, आणि चौथी वाजवणाऱ्यानेच बिघडवलेली. चौथी फळी सगळ्यात लांब निघाली. प्रत्येकाची दुरुस्ती करून त्याने गळ्यात चिठ्ठी बांधली, रोग काय आणि कुणामुळे. तुझ्या वाट्याची पेटी कुठे ठेवलीस म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, भात्याचं कातडं उंदीर खातो, दुसरी फळी, यात विचार कसला करायचा.

परीक्षेच्या दिवशी बाई घड्याळ घेऊन बसल्या. मीही गेलो होतो, मेहुण्याचा डबा घेऊन. मास्तरांना तीन वस्तू मागितल्या, एका मिनिटात तिन्ही टेबलावर. खुंटीला एक झांज, एक बासरी आणि एक जुनं तपकिरी व्हायोलिन मागितलं. झांज तिसऱ्या फळीवर, बासरी पहिल्या, व्हायोलिन चौथ्या. गडी खोलीभर धावला, सहा मिनिटं लागली. मास्तर मान सरळ ठेवून हसत होते. बाईंनी किल्ली उचलली ती मास्तरांकडेच पाहत.

तेवढ्यात त्यांची नजर व्हायोलिनच्या चिठ्ठीवर गेली. ती त्यांनी मोठ्याने वाचली. "वाजवणारी मुलगी, तारेत लांब केस अडकलेला. रागीट. चुकलं की गज लाकडावर आपटते. हनुवटी वैऱ्यासारखी दाबते."

मग म्हणाल्या, "हे व्हायोलिन माझं आहे. मी इथे शिकत होते तेव्हाचं."

मी डबा छातीशी धरला. खुंटी मात्र जे दिसलं ते सांगत सुटला.

"मला काय माहीत, बाई, कुणाचं ते. पण ही तारांखालची पट्टी बघा. एकाच जागी झिजली आहे. रोज तिथेच चुकत असणार, आणि रोज तीच जागा पुन्हा घोटत असणार. नुसतं रागीट माणूस इतकं घोटत नाही."

बाईंनी व्हायोलिन खांद्याला लावलं. खुंटीने तारा नव्या बसवल्या होत्या. सूर असा स्वच्छ निघाला की खालच्या वर्गातली गडबड थांबली. वाजवत वाजवत त्या जागेवर आल्या, आणि तिथेच चुकल्या. गज वर गेला, आपटायला. खुंटीने नुसता हात पुढे केला. बाईंनी गज त्या हातात दिला, आणि पाठोपाठ किल्ली.

मास्तरांनी वेळेचा मुद्दा काढला. बाई त्यांना म्हणाल्या, तुमच्या टेबलावरच्या तिन्हींतलं एक वाजवून दाखवा. मास्तरांनी बासरी उचलून फुंकली. आतून कुंभारमाशीच्या घराची माती तेवढी निघाली.

आता खोलीच्या दारावर मास्तरांच्या अक्षरातली सुबक यादी आहे आणि आत खुंटीच्या फळ्या. मास्तरांना काही हवं असलं की किल्ली खुंटीकडे मागावी लागते. बाईंची चिठ्ठी अजून तिथेच आहे, फक्त उलटी करून बांधलेली.

परवा खुंटी घरी जेवायला आला होता. मान अजून कलतीच आहे, म्हणतो आता खिडकीतून बाहेर बघायला तशीच सोयीची पडते. माझ्या बायकोने गमतीने विचारलं, तुझ्या भाऊजींना कोणत्या फळीवर ठेवशील. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भाऊजींना ना ओल लागत, ना उंदीर खात. पडूनही त्यांना काही होत नाही, मी पाहिलं आहे. चौथीच फळी, ताई."

मी इतका हसलो की ठसका लागला. त्याच्या ताईने त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही, आणि मला तर पहिल्यांदाही नाही.