चढणीची वाट

चैत्रातली दुपार भोईवाडीवर पालथी पडली आहे. वारा नाही. कुत्रीसुद्धा सावली धरून जीभ काढून पडली आहेत. हौसाबाईच्या मांडीवर अर्धं विणलेलं जाळं आहे आणि पापण्या जड होत चालल्या आहेत. झोपायचं नाही, असं ती स्वतःला तिसऱ्यांदा बजावते. चार वाजता मुग्धा सहीचा कागद घेऊन परत येणार आहे.

मुग्धा ही पुण्याची पोर. शिळंबी नदीत कुठला मासा किती उरलाय हे पाहायला आठ दिवसांपूर्वी आली आणि हौसाबाईच्याच घरी उतरली. रोज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात शिरते, जाळ्यात आलेला मासा पट्टीला लावते, काहीतरी लिहून घेते आणि त्याला परत पाण्यात सोडते. सोडायचाच, तर धरायचा कशाला, म्हणून सगळी वाडी हसली. हौसाबाई हसली नाही.

आज सकाळी भाकरी खाता खाता मुग्धानं विचारलं होतं, "मावशी, या नदीचं सगळ्यात जाणतं माणूस म्हणजे तुम्ही. खडशी शेवटची कधी पाहिलीत?"

खडशी म्हणजे पुस्तकातला महसीर. अंगावर रुपयाएवढाली सोनेरी खवलं. पाऊसकाळात पाणी वरून लोटत असताना हा मासा उलटा त्याच्या अंगावर जातो, चढत चढत पार उगमाकडच्या गोट्यांत जाऊन अंडी घालतो. हौसाबाईच्या लहानपणी नदी खडशीनं भरलेली असायची.

"लई वर्सं झाली," हौसाबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उगाचच उलटली.

मुग्धाचा चेहरा उतरला. "मग 'आढळत नाही' असंच लिहावं लागणार. खाली तुमची सही घेते. बंधाऱ्याची उंची वाढवायचं घाटतंय ना, त्याआधी अहवाल जायचाय."

हौसाबाई खोटं बोलली होती. वाडीपासून तीन मैल वर, दोन डोंगरांच्या बेचक्यात, कपारीचा डोह आहे. शिमगा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तिथं जाऊन आली होती. पाणी नितळ होतं आणि तळाशी खडशी होत्या. पण बाप मरायला टेकला होता तेव्हा त्यानं तिचा हात आपल्या गळ्याला लावून घेतला होता. 'माझ्या गळ्याची आण हाय हौसे, ह्यो डोह कुनाला दावू नको.' तिनं नवऱ्यालासुद्धा दाखवला नाही. नवरा गेला, लेक मुंबईला गेला, डोह आणि शपथ मात्र तिच्यापाशी राहिली.

बोटं दोऱ्यावरच आहेत. डोळे मिटतात.

जाळ्याचं दुसरं टोक कुणीतरी ताणून धरतं.

पडवीच्या त्या टोकाला आवजी भोई बसलाय. तिचा बाप. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण धोतर आत्ताच नदीतून आल्यासारखं ओलं आहे आणि सारवलेल्या जमिनीवर पाणी ठिबकतंय. हौसाबाईला नवल वाटत नाही. आपण पुष्कळ दिवस याचीच वाट पाहत होतो, एवढं फक्त कळतं.

"भोकं मोठी धरलीस गं," आवजी जाळं डोळ्यांशी नेत म्हणतो.

"बारकी सुटून जावीत म्हून."

"ह्ये कुनी शिकिवलं तुला?"

"तूच की."

"व्हय?" तो खूश होतो. मिशीतल्या मिशीत हसतो. जिवंतपणी तो असा हसला की त्या दिवशी घरात सांजच्याला हमखास कालवण असायचं.

"बस, बा. च्या टाकते."

ती उंबरा ओलांडून आत जाते, तर आत चूल नाही. आत तालुक्याचा एसटी स्टँड आहे. तेच सिमेंटचे बाक, तोच खांबाला टांगलेला घड्याळाचा डबा, बोचकी घेऊन बसलेली तीच माणसं. फक्त फरशीवर घोटाभर पाणी आहे, नितळ, आणि ते वाहतंय. कुणी पाय वर घेत नाही. एक बाई पाण्यात पाय सोडून निवांत शेंगा सोलत बसलीय.

माणसांच्या पायांमधून खडशी चालल्या आहेत.

एकामागून एक, सावकाश, शेपटी डावीउजवीकडे करत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. रांग मोडत नाहीत, ढकलाढकली नाही. हौसाबाईच्या पायाला एकीचं अंग घासून जातं. गार लागतं.

"वरच्या गाडीसाटी आल्यात," शेजारी उभा राहून आवजी सांगतो. त्याचा हात तिच्या डोक्यावर आहे. म्हणजे ती लहान झालीय. परकरातली, दहा-अकरा वर्षांची.

रांग चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन थांबते. खिडकीत टोपी घातलेला एक साहेब बसलाय. तो मान वर करत नाही. टाक हातात धरून विचारतो, "इथून वर जाणारं कुणी आहे का?"

हौसाबाईला हा साहेब ठाऊक आहे. बंधारा बांधायच्या आधी तो जीपमधून आला होता. नदीच्या काठाला टेबल मांडलं होतं, माणसं साखळीनं पात्र मोजत होती. त्यानं भोईवाडीतला जाणता म्हणून आवजीला बोलावलं होतं आणि ती बापाचं धोतर धरून मागं उभी होती. साहेबानं अगदी हेच विचारलं होतं. चढणीचा मोठा मासा आहे का या नदीत, खालून वर जाणारा?

"बा, सांग त्येला," ती धोतर ओढते. "ह्या बग किती हायत. सांग की."

आवजी खिडकीपाशी वाकतो. आणि तेव्हा म्हणाला होता तेच म्हणतो. "न्हाई साहेब. तसलं काय न्हाई हितं."

साहेब लिहितो. "बरं झालं. भिंतीत माशांसाठी पायऱ्या ठेवायला नकोत," असं म्हणतो आणि खिडकी खाली ओढतो.

खिडकी खाली येते ती येतच राहते. लोखंडाची होते, मग दगडाची होते, आणि स्टँड कुठं गेला कळत नाही. समोर बंधारा उभा असतो, ओला, काळा, दोन पुरुष उंच. वरून पाणी लोटतंय. खडशी येतात आणि भिंतीवर अंग टाकतात. एक उडी, धप्प, खाली. पुन्हा उडी. त्या आवाजानं हौसाबाई कान झाकून घेते.

बंधारा झाला त्या वर्षी खरोखरच तसं झालं होतं. पुरात खडशी भिंतीपाशी येऊन आपटत राहिल्या आणि सगळा गाव काठ्या नि पोती घेऊन उतरला. तीन दिवस घराघरांतून मासे शिजत होते. आवजीनं मात्र दार लावून घेतलं. हौसानं शेजारून आणलेली कालवणाची वाटी त्यानं न बोलता परसात ओतली. त्यानंतर त्यानं जन्मात कधी खडशी तोंडात घातली नाही, आणि साहेबाला काय सांगितलं होतं ते कधी बोलला नाही. तीही बोलली नाही. बापलेक एकाच छपराखाली त्या एका 'न्हाई'ला वळसा घालून जगले.

"बा," ती आता विचारते, "का रं असं सांगितलंस?"

आवजी बंधाऱ्याच्या कडेला बसलाय. त्याचे पाय पाण्यात आहेत. ती पुन्हा आपल्या वयाची झालीय, अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे धरून त्याच्याशेजारी टेकते. आज बाप तिच्यापेक्षा फारसा मोठा दिसत नाही.

"भ्यालो," तो म्हणतो. "तवा खालच्या अंगाला सुरुंगाची दारू टाकून मासं मारत हुते. म्हटलं, सायबाला कळलं की सगळ्यांस्नी कळंल. ठावं नसलं की वाचत्यात, असं वाटलं मला."

"मंग?"

"मंग काय. सायबानं लिव्हलं, न्हाई." तो पाण्यातून हात फिरवतो. "आन् जे न्हाईच, त्येच्यासाटी वाट कोन ठेवंल, पोरी?"

सकाळची भाकरी, उगाच उलटलेली, हौसाबाईला आठवते.

"त्या वक्ताला मागं फिरून सांगायचं हुतं," आवजी म्हणतो. "सायेब, चुकलं, हायत म्हून. चार पावलांवर हुता त्यो. न्हाई जमलं."

"म्याबी आज न्हाईच म्हटलं, बा."

"ठावं हाय."

"तुझी आण हुती."

"व्हय. मेलो तरी तोंड दाबूनच ठिवलं म्या. माझंबी, तुझंबी." तो हसतो, पण या वेळी मिशीत नाही, अगदी उघडं, दात पडलेलं. "चल, ऊठ. लई दिस झालं, दाव मला."

ती उठते तेव्हा पायाखाली बंधारा नसतो. कपारीचा डोह असतो. वरून जांभळीच्या फांदीतून ऊन गळतंय आणि पाण्यात तळापर्यंत उजेड आहे. गोटे दिसतात. गोट्यांवरून सावल्या सरकतात, आणि मग सावल्यांच्या वर मासे दिसू लागतात.

"जी वर हुती ती वरच ऱ्हायली," ती त्याला सांगते. जणू हे घर तिचं आहे आणि बाप पाहुणा आला आहे. "भिताडाच्या वरल्या अंगाला. पाऊसकाळात ह्या वड्यानं चढत्यात, आन् पानी वसरलं की हितं येत्यात. मोठी ती मादी बग, त्या दगडापाशी. कल्ल्यावर डाग हाय ती."

"मोज की."

"मोजू ने म्हनायचास. मोजलं की कमी हुतं म्हनायचास."

"लई कायबाय म्हनायचो म्या. मोज."

ती मोजते. एक, दोन, पाच, आठ. मासे वळतात, एकमेकांखाली शिरतात, पुन्हा बाहेर येतात. चौदापर्यंत येते आणि चुकते. परत पहिल्यापासून धरते. आवजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून पाहतोय, जत्रेत पाळणा बघणाऱ्या माणसासारखा. तिचा आकडा पुन्हा निसटतो.

"जाऊंदे, बा. ध्यानात ऱ्हाईना."

"ऱ्हाईल," तो म्हणतो.

मग तो पाण्यातून हात काढतो आणि ओली बोटं तिच्या कपाळाला टेकवतो. लहानपणी शपथ सोडवायला पोरं करायची, अगदी तसं.

"सुटली म्हन."

"बा..."

"म्हन की गं. माझ्या गळ्याला आता काय व्हायचं ऱ्हायलंय?"

तिला हसू येतं आणि रडूही येतं. "सुटली," ती म्हणते.

"सुटली गं सुटली," आवजी म्हणतो आणि ओढ्याच्या तोंडाकडं चालू लागतो. पाणी त्याच्या पोटऱ्यांना येतं, मग गुडघ्यांना. तो उलट्या पाण्यात वर चढतोय, सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखा. त्याच्या पाठोपाठ डोहातल्या काही सावल्या हलतात. ती त्याला हाक मारत नाही. मारावी असं वाटतच नाही.

"मावशी? अहो मावशी."

पडवी. ऊन उंबऱ्यापर्यंत आलंय. मुग्धा पायरीवर बसलीय, पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद. "केव्हाची हाक मारतेय. तुम्ही आणि दिवसा झोपलात? बरं आहे ना?"

"बरं हाय," हौसाबाई म्हणते, आणि ते खरं असतं. छाती मोकळी लागते. कुणीतरी धोंडा उचलून बाजूला ठेवलाय आणि तो इतकी वर्षं तिथं होता हेच तिला आत्ता कळतंय. गेल्या कित्येक दिवसांत असा पोट भरून श्वास तिनं घेतलेला नाही. ती आणखी एक घेते.

"हे तुमच्या पदराला काय झालं?" मुग्धा विचारते.

हौसाबाई खाली बघते. जाळं मांडीवरून घरंगळून जमिनीवर गेलंय, सुई त्याच्याखाली कुठंतरी. बोटं मात्र पदरात अडकलेली आहेत. लुगडं जुनं, पदराच्या कडेचे दोरे सुटे लोंबत असायचे. त्या दोऱ्यांना गाठी पडल्या आहेत. नुसत्या गुंतवळ्याच्या नव्हेत. जाळ्याच्या गाठी, घट्ट, एकसारख्या, सुईनं मारल्यासारख्या. पदराच्या एका टोकापासून निघालेली गाठींची रांग दुसऱ्या टोकाच्या अलीकडं येऊन थांबली आहे.

मुग्धा पदर हातात घेते. तिला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय राहवत नाही. बोटानं एकेक गाठ सरकवत ती पुटपुटते आणि शेवटाला येते.

"एकतीस. झोपेत विणत होतात की काय? कशाच्या गाठी आहेत या?"

हौसाबाई त्या गाठींकडं बघत राहते. एकतीस. तिच्या डोळ्यांना धरता आले नाहीत ते हातांनी बरोबर धरले.

"खडशीच्या," ती म्हणते.

मुग्धा हसायला लागते, आणि मग हौसाबाईच्या चेहऱ्याकडं बघून थांबते. पदर तिच्या हातात तसाच राहतो. "मावशी," ती हळू आवाजात म्हणते, "तुम्ही तर सकाळी म्हणालात..."

"सकाळचं खोटं हुतं. कागुद ठेव आत, त्यावर आल्यावर लिव्हू." हौसाबाई भिंतीला धरून उठते. गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांचं ऐकत नाही. कोपऱ्यातली काठी घेते आणि अंगणात उतरते. "उजेड हाय तवर पोचाय पायजे. आन् ते बूट काढ पोरी. वाटंत चारदा पानी लागतंय."